गोरोबांचे थापटणे आणि नागरिकाचे शिक्षण

आमच्या युनियनच्या कचेरीत येणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. कुणाची हजेरी मांडली गेलेली नसते, कुणाचा भविष्यनिधी अडकलेला असतो, कुणाला हंगाम संपताच घरी बसविलेले असते. अशा प्रश्नांमागे धावण्यात आमची तीस वर्षे गेली. परंतु दोन वर्षांमागे, बारावीचे निकाल लागले त्या आठवड्यात, मोंढ्यावरचे एक हमाल कचेरीत येऊन बसले आणि त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर आमच्या एकाही फायलीत नव्हते. ते म्हणाले, "अण्णा, पोरगी कॉलेजात तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणायली. ते घेऊन करायचं काय?"

त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर येथे सांगितलेच पाहिजे. आम्ही म्हणालो, "तिला नर्सिंगला घाला. चार पैसे हाती येतील." त्यांनी मान हलविली व ते उठले. मुलगी दाराशीच उभी होती. आमच्या टेबलावर सॉक्रेटिसाचे चरित्र उघडे पडले होते, त्याकडे बोट करून तिने विचारले, "काका, मग तुम्ही हे कशाला वाचता?"

आम्ही निरुत्तर झालो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे नगर वाचनालयाच्या बाकावर. जे आम्ही स्वतः चोरून-मारून मिळविले ते हमालाच्या मुलीला राजरोस मिळू लागले, तेव्हा आम्हीच तिला आडवे गेलो. व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. त्या मुलीला जे उत्तर द्यावयाचे राहिले, ते आपणा सर्वांच्या समक्ष द्यावे, एवढाच हेतू.

१

व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे माठ विकत घेण्याचेही दिवस. बाजारात माठ घेताना कोणी नुसते रूप पाहून पैसे देत नाही. बोटाच्या पेराने तो वाजवून पाहतो, आवाज बद्द आला तर बाजूला ठेवतो. ही चाल आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. तेरचे गोरोबाकाका याच कलेचे धनी होते.

तेर हे सामान्य गाव नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवृत्तात 'तगर' म्हणून ज्या बाजारपेठेचा उल्लेख येतो, ती पेठ म्हणजे तेर, असे संशोधक मानतात. त्या गावच्या कुंभाराची कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. कोपऱ्यात पडलेले थापटणे पाहून मुक्ताबाईने विचारले, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, कोणते मडके कच्चे व कोणते पक्के हे याने कळते. मुक्ताबाई म्हणाली, मग आम्हीही मडकीच. आम्हांसही वाजवून पाहा. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सारे शांत राहिले. नामदेवांना मात्र राग आला, आणि गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे.

कीर्तनकार पुष्कळदा येथेच थांबतात, पण आमच्या मते कथेचे मर्म पुढे आहे. नामदेव रुसून घरी बसले नाहीत. ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. ज्याच्या भक्तीची कीर्ती पसरली होती त्याने आपण कच्चे आहोत हा निकाल मानला व गुरू केला. पुढे पंजाबापर्यंत पोहोचले ते हेच नामदेव.

या कथेकडे इतिहास म्हणून पाहावे की परंपरा म्हणून, हा वाद बाजूला ठेवू. आमच्या विषयापुरते तिच्यात सारे आहे. मत पक्के की कच्चे हे वाजवून पाहण्याची विद्या म्हणजे तत्त्वज्ञान. आणि जो दुसऱ्याचे मडके वाजवितो त्याने आपलेही मस्तक पुढे केले पाहिजे, ही त्या विद्येची अट. माठ घेताना आपण ही विद्या वापरतो. मत देताना, अफवा ऐकताना, करारावर सही करताना वापरतो काय, हा प्रश्न आहे.

२

तत्त्वज्ञान शिकणारा मनुष्य संसाराला व समाजाला पारखा होतो, अशी एक समजूत आहे. महाराष्ट्राचा इतिहास या समजुतीला फारसा आधार देत नाही. आगरकरांनी इतिहास व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करून १८८० साली एम. ए. केले, मोठ्या पगाराची वाट सोडली, टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि १८८८ साली 'सुधारक' काढून आपल्याच समाजाची मते वाजवून पाहिली.

साने गुरुजींची हकीकत तर आम्हां युनियनवाल्यांना विशेष जवळची. त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. केले व ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी गेले. हे मंदिर १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांनी स्थापन केले होते. शेठजी गिरणीमालक होते. तेथे शिकलेले साने गुरुजी पुढे त्याच गावच्या गिरणी कामगारांच्या संघटनेत उतरले. १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य तोंडावर आले असता, पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण आरंभिले. इंग्रज गेल्यावर मोकळा होणार तो कोण, सर्व की काही, असा प्रश्न त्या उपोषणाने आपल्याच लोकांपुढे ठेवला, असे आम्ही समजतो. दहाव्या दिवशी उपोषण सुटले. मंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला.

पण पुण्या-अमळनेरची उदाहरणे देऊन आपण मोकळे झालो तर ऐकणारे म्हणतील, हे तिकडचे झाले. आपल्या निजामी मुलखात काय होते? तर आपल्याच जिल्ह्याकडे वळू.

३

आज लोहारा तालुक्यात असलेले हिप्परगा (रवा) हे गाव आपणांपैकी कित्येकांनी पाहिले असेल. १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी तेथे राष्ट्रीय शाळा काढली. त्या काळी हैदराबाद संस्थानात शिक्षणाची स्थिती काय होती हे लक्षात घेतल्यावाचून या गोष्टीचे मोल कळणार नाही. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते विद्यापीठ हे खरे. परंतु ती भाषा उर्दू. मराठी घरच्या मुलाला वर चढावयाचे तर आधी दुसऱ्याची भाषा गाठावी लागे. सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी हवी. अशा मुलखात आडगावी राष्ट्रीय शाळा काढणे हेच एक धाडस होते.

या शाळेत १९२९ च्या सुमारास एक तरुण मुख्याध्यापक आले. त्यांचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले होते. सरकारी विद्यापीठांवर बहिष्कार घालून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या या विद्यापीठात त्यांनी एम. ए. साठी लोकशाहीच्या विकासाचा अभ्यास केला. लोकशाही म्हणजे काय, ती कोठून आली, कशाने टिकते, हे प्रश्न घेऊन बसलेला हा विद्यार्थी तेथून गेला तो मुंबईस, नामदार ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत. ना. म. जोशी म्हणजे १९२० साली स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांपैकी एक. आम्हां सर्व युनियनवाल्यांचे वडीलधारे. तेथे प्रकृती बिघडली आणि हा तरुण हिप्परग्यास आला.

याच काळात त्यांनी संन्यासदीक्षा घेतली व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. आम्ही तरुणपणी प्रथम हे वाचले तेव्हा आम्हांस कोडे पडले होते. लोकशाहीचा अभ्यास, मग कामगारांत काम, आणि मग भगवी वस्त्रे. हा मनुष्य पुढे जात होता की मागे? पुढच्या इतिहासाने उत्तर दिले. ते मठात गेले नाहीत, फळा-खडूशीच राहिले. १९३५ साली ते अंबाजोगाईस गेले व तेथील योगेश्वरी शाळेच्या कामाला लागले. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या आधीच तिच्यावर बंदी आली, तेव्हा सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्यांत ते होते. तेथून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतची दहा वर्षे म्हणजे संस्थानातील प्रजेची नागरिक होण्याची वाटचाल, आणि तिच्या अग्रभागी हे संन्यासी शिक्षक.

वेदान्त सांगतो की सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे. हे वाक्य आपल्या देशात हजारो वर्षे म्हटले गेले, आणि ते म्हणणारेच वेठबिगारी घेत राहिले. ज्याने ते वाक्य वाजवून पाहिले त्याला पुढचा प्रश्न टाळता येत नाही. सर्वांच्या ठायी एकच आत्मा असेल तर एक मनुष्य जहागीरदार व दुसरा त्याचा वेठीचा गडी हे कसे? स्वामीजींच्या आयुष्यात वेदान्त आणि लोकशाही यांची गाठ पडली ती याच प्रश्नापाशी, असे आमचे वाचन आहे.

त्याच १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. त्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. एका विद्यापीठाने दार बंद केले व दुसऱ्याने उघडले. विद्यापीठ म्हणजे केवळ पदवी देणारी कचेरी की विचार करणाऱ्याला आसरा देणारे घर, हा प्रश्न त्या वर्षी मराठवाड्याच्या मुलांनी प्रत्यक्ष भोगला.

४

आता दुसरे गाव, कसबे तडवळे. १९४१ च्या फेब्रुवारीच्या २२ व २३ तारखांस तेथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. परिषदेच्या नावातला 'वतनदार' हा शब्द पाहावा. वतन म्हटले की आपल्या मनात मान येतो, जमीन येते, पिढीजात हक्क येतो. महारांच्या वतनात जमिनीचा लहानसा तुकडा व बलुते होते, आणि त्याच्या मोबदल्यात साऱ्या घराने रात्री-अपरात्री सरकारची व गावाची कामे करावयाची होती. घरचा कर्ता नसेल तर दुसऱ्याने जावयाचे. पगार नाही, तास नाहीत, सुटी नाही.

हे वतन टिकवावे की सोडावे? ज्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते त्यांना ते सोडा म्हणणे सोपे नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले होते. त्यांच्या सगळ्या युक्तिवादाचा गाभा एका व्याख्येत होता. ज्याला तुम्ही हक्क म्हणता तो हक्क आहे की साखळी? जो सोडता येत नाही, ज्याची किंमत ठरविता येत नाही, ज्यात मुलाच्या जन्माआधीच त्याचे काम ठरलेले असते, त्याला मालमत्ता कसे म्हणावे? मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द केली. कायदा नंतर आला. एका शब्दाचा अर्थ आधी वाजवून पाहिला गेला.

ही विद्या बाबासाहेबांनी कोठे मिळविली? प्रथम अर्थातच भोगातून. परंतु भोग हजारोंच्या वाट्याला येतो. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. मुख्य अभ्यास अर्थशास्त्राचा, पण त्याबरोबर समाजशास्त्र, इतिहास आणि तत्त्वज्ञानही. तत्त्ववेत्ते जॉन ड्युई यांच्या वर्गांना ते बसत. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या जातिसंस्थेवरील आपल्या न झालेल्या भाषणात त्यांनी ड्युई यांचा आपले गुरू म्हणून उल्लेख केला आहे. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नसून माणसांनी एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बजावले की राजकारणात समता व समाजजीवनात विषमता असा विरोध घेऊन आपण प्रजासत्ताकात शिरत आहो. त्या इशाऱ्यामागे ड्युईंच्या वर्गातला तो धडा आम्हांस दिसतो. न्यूयॉर्कच्या वर्गातला प्रश्न तडवळ्याच्या माळापर्यंत चालत आला, हे आपण विसरू नये.

५

आता उलट बाजू. तत्त्वज्ञान शिकला की मनुष्य चांगला नागरिक होतोच, असे आम्ही म्हणालो तर आमचेच मडके कच्चे ठरेल. जर्मनीतील मार्टिन हायडेगर हे विसाव्या शतकातील मोठे तत्त्ववेत्ते गणले जातात. १९३३ साली ते फ्रायबुर्ग विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी हिटलरच्या पक्षाचे सभासदही झाले. आणि इतके दूर तरी कशाला जावे? १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. आपल्या मुलांना आपल्या प्रांतात विद्यापीठ मिळाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. जाळणाऱ्यांत शिकलेले तरुणही होते. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधली सोळा वर्षे ही आपल्या नागरिकत्वाची परीक्षा होती, आणि त्या परीक्षेत आपण सारे उत्तीर्ण झालो असे कोणी म्हणू नये.

तेव्हा थापटणे हाती असणे पुरेसे नाही, ते आपल्या मस्तकावर घेण्याची तयारी हवी. ग्रीसमधील अथेन्सचा सॉक्रेटिस आम्हांस प्रिय आहे तो यासाठी. परंपरेने तो पाथरवटाचा मुलगा, त्याची आई सुईण. इ. स. पूर्व ४०६ मध्ये लोकांचा क्षोभ असताना सेनापतींना एकत्र दोषी ठरविण्याचा बेकायदा ठराव आला, तेव्हा त्याने विरोध केला. पुढे जुलमी राज्यकर्त्यांनी एका निरपराध्यास पकडून आणण्याचा हुकूम दिला, तोही त्याने मानला नाही; तो सरळ घरी निघून गेला. पण इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याच नगराच्या न्यायालयाने देहदंड दिला, तेव्हा पळून जाण्याची सोय असूनही तो पळाला नाही. कायदा कधी मोडावा व कधी पाळावा, याची कारणे त्याच्यापाशी होती, आणि तो ती मित्रांपुढे तपासास ठेवीत असे.

६

येथे आमचीच एक चूक सांगतो. फार वर्षे झाली. एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा करार केला. सात महिने झगडलो होतो. सही झाली, गुलाल उधळला, द्वारसभा घेतली. सभेत मागे बसलेल्या एक वयस्क बाई उठल्या. त्या ठेकेदाराकडून झाडलोटीला व पोती शिवायला येत. त्यांनी विचारले, "अण्णा, ह्या कागदात आमचं काय हाय?" आम्ही म्हणालो, "मावशी, हा करार कामगारांचा आहे." त्या म्हणाल्या, "मग आमी कोन हाव?"

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. रात्री झोप आली नाही. करारात 'कामगार' या शब्दाची व्याख्या होती. हजेरीपटावर ज्याचे नाव तो कामगार. मसुदा कारखान्याच्या बाजूने आला होता, आणि आम्ही आकडे तपासले, शब्द तपासला नाही. पंधरा वर्षे त्याच आवारात घाम गाळणाऱ्या चाळीस बाया त्या एका ओळीने बाहेर राहिल्या. पुढच्या करारात त्यांना आत घेण्यास चार वर्षे लागली. तोवर त्या मावशी काम सोडून गेल्या होत्या.

शब्दाच्या व्याख्येवर माणसांची पोटे अवलंबून असतात हे आम्ही त्या दिवशी शिकलो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोण याची व्याख्या होती, आणि तिच्यात कोण बसतो यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालले. 'उद्योग' म्हणजे काय, हे ठरविण्यास १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींना एकत्र बसावे लागले. आणि 'हक्क' हा शब्द घ्या. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने खडी फोडली. त्या वेळी काम मिळाले ते सरकारने दुष्काळासाठी काढले म्हणून. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, आणि मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा असे ठरले. खडी तीच, हातोडा तोच. पण पहिल्या वेळी आई मागणारी होती, दुसऱ्या वेळी ती हक्कदार झाली, कारण तिच्या हक्कासमोर कुणाचे तरी कर्तव्य लिहिले गेले. २००५ साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला. ज्या हक्कासमोर कुणाचेच कर्तव्य नाही तो हक्क की नुसता आशीर्वाद, हा प्रश्न विद्यापीठात नीतिशास्त्राच्या तासाला विचारला जातो. ग्रामसभेतही तो विचारला गेला पाहिजे.

७

कोणी म्हणेल, हे सारे तुम्ही वाचनालयात शिकलात ना? गोरोबा तरी कोणत्या विद्यापीठात गेले होते? मग मुलीला कशाला पाठविता? या आक्षेपाला आमच्यापाशी अनुभवाचे उत्तर आहे.

एकट्याने वाचणाऱ्याचे मडके वाजविणारा कोणी नसतो. तरुणपणी ज्या महिन्यात जे पुस्तक हाती असे त्या महिन्यात आम्ही त्या मताचे असू. पुस्तक आमच्याशी भांडत नसे आणि आम्हांस त्याच्याशी भांडता येत नसे. भांडण शिकविण्यास गुरू लागतो, आणि आपल्याहून निराळ्या घरातून आलेले दहा सोबती लागतात. आपल्या न्यायशास्त्राने वादाचे प्रकार केले आहेत. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद. जिंकावे म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडून काढावयाचे ती वितंडा. आमच्या युनियनच्या सभा आम्ही आठवितो तेव्हा लाज वाटते, इतका त्यांत जल्प आणि वितंडा होती. आपल्या शास्त्रकारांची दुसरीही एक शिस्त होती. आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, म्हणजे विरोधकाचे म्हणणे त्याच्याहूनही चांगल्या रीतीने सांगावयाचे, आणि मग उत्तर द्यावयाचे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही शिस्त उत्तरपत्रिकेत लिहून दाखवावी लागते. आम्हांस ती पन्नाशीत, मालकांसमोर बसून, पुष्कळ नुकसान सोसून थोडीशी आली.

राहिला पोटाचा प्रश्न. तो हमालाने विचारला, आणि तो खरा प्रश्न आहे. तत्त्वज्ञानाच्या पदवीने नोकरी लागतेच असे आम्ही कोणाला सांगणार नाही. ज्या बापाची पाठ पोत्यांनी वाकली आहे त्याला त्यागाचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा होईल. आमचे म्हणणे इतकेच की श्रीमंताच्या मुलाने तत्त्वज्ञान शिकावे व हमालाच्या मुलीने हाताचे काम शिकावे, अशी वाटणी झाली तर करारांतील शब्दांच्या व्याख्या कायमच एका बाजूचे लोक लिहितील. वतन याहून निराळे काय होते?

पूर्वी मराठवाड्याच्या मुलाला हैदराबाद, पुणे, नागपूर गाठावे लागे. नंतर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेही आपल्यापासून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. २००४ साली विद्यापीठाचे उपकेंद्र आपल्या गावी आले. दार जवळ आले आहे. आत कोण जाते हे आपण पाहावयाचे आहे.

ती मुलगी तत्त्वज्ञानाला गेली. आमचा सल्ला मोडून गेली, आणि तिच्या वडिलांनी तिला जाऊ दिले. त्यांचे मडके आमच्याहून पक्के निघाले. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती कचेरीत आली होती. एका नव्या कराराचा मसुदा टेबलावर होता. तिने तो वाचला आणि विचारले, "काका, यात 'शक्य तितक्या लवकर' असं लिहिलंय. ते कुणाला शक्य, आणि ठरवणार कोण?" आम्ही ती ओळ खोडून तारीख घालावयास लावली. मालकांनी दोन बैठका घेतल्या, पण तारीख घातली.

चालकांस आमची एक विनंती आहे. ही व्याख्यानमाला पंचवीस-तीस वर्षे आपण ऐकत आलो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून गावोगाव ही चाल पडली, आणि चांगली पडली. परंतु व्याख्यान झाले की आपण टाळ्या वाजवितो व घरी जातो. यंदापासून शेवटचा अर्धा तास श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी ठेवावा, आणि त्याची सुरुवात आजच, आमच्यापासून करावी. आमच्या बोलण्यात जे कच्चे असेल ते येथेच वाजवून दाखवा. राग येणार नाही असे वचन देत नाही. आला तरी उठून जाणार नाही, एवढे देतो.